वाईट वर्दीनंतर (आगीच्या, अपघाताच्या कॉलनंतर) समुपदेशन सक्तीचं करावं का?

मुठेकाठचा (धागाकर्ता)
१४ एप्रिल आला की अग्निशमन सप्ताह सुरू होतो. १९४४ साली याच तारखेला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाज फुटलं आणि अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. त्यांना मानवंदना दिली जाते, शाळांत प्रात्यक्षिकं होतात, छानच. पण जे जिवंत आहेत आणि रोज वर्दीवर जातात, त्यांच्या डोक्याचं काय?

माझा मावसभाऊ एका महापालिकेच्या दलात तांडेल (फायरमनच्या वरचा हुद्दा) आहे. मागच्या पावसाळ्यात त्याला विहिरीत गळ टाकून दोन लहान भावंडांना काढावं लागलं. काठावर बाप उभा. स्टेशनला परतल्यावर दोर धुऊन वाळत घातला, रजिस्टरात वेळ लिहिली, आणि थोड्याच वेळात पडलेलं झाड हटवायला गाडी पुन्हा बाहेर. तेव्हापासून हा माणूस स्वतःच्या पोरांना पाण्याजवळ जाऊ देत नाही, आणि विषय काढला की उठून जातो.

माझं म्हणणं सरळ आहे. लहान मूल दगावलं, सहकारी गेला किंवा एका जागी बरेच मृतदेह काढावे लागले, तर त्या गाडीवरच्या प्रत्येकाला समुपदेशकासमोर बसवायचंच. ऐच्छिक ठेवलं तर कोणी जाणार नाही, कारण जो जाईल तो 'ढिला' ठरेल. फायरमनच्या सहा महिन्यांच्या कोर्सातही यासाठी तास हवेत.

जुना_बंब
असहमत. स्टेशन ऑफिसर म्हणून निवृत्त झालोय, म्हणून थोडं स्पष्ट लिहितो.

घाबरलेल्या पोराला शांत करतो तो सराव. बी.ए. सेट (पाठीवरचा हवेचा सिलिंडर आणि मास्क) चढवून त्याला धुराच्या अंधाऱ्या खोलीत सोडा. ४५ मिनिटांचा म्हणून दिलेला सिलिंडर नवखा गडी धापा टाकून कितीतरी आधीच संपवतो. हवा कमी झाल्याची शिट्टी वाजली की होजवरचा (पाण्याच्या पाइपवरचा) हात सोडून पळतो आणि वाट चुकतो. हेच वारंवार करून घेतलं की श्वास आपोआप बसतो. किती ठिकाणी करून घेतात?

२०१५ च्या मे महिन्यात काळबादेवीला गोकुळ निवास जळता जळता कोसळली. प्रमुख अधिकारी सुनील नेसरीकरांसह चार अधिकारी आपण गमावले. जुनी इमारत आगीत कधी बसेल, आत माणसं किती वेळ ठेवायची, हे आधी शिकवा. पैसा मोजकाच असतो आणि समुपदेशनाचं टेंडर निघालं की होजची खरेदी पुढे ढकलली जाते. हे होताना पाहिलंय.

मुठेकाठचा
साहेब, सरावाने हात थरथरत नाहीत हे मान्य. विहिरीवर भावाचेही थरथरले नव्हते. त्रास नंतर सुरू झाला. त्यावर कुठली ड्रिल?

ओपीडी_नंबर_९
मी मानसोपचारात काम करते. सक्तीला माझाही विरोध आहे, पण कारण वेगळं.

घटनेनंतर लगेच सगळ्यांना बसवून 'काय पाहिलंत, काय वाटलं' विचारायची पद्धत अमेरिकेत जेफ्री मिचेल यांनी १९८३ मध्ये मांडली. ते स्वतः अग्निशमन आणि रुग्णवाहिकेच्या कामातूनच आलेले. जगभर ती उचलली गेली. पुढे चाचण्या झाल्या तेव्हा एका बैठकीच्या अशा डीब्रीफिंगने पीटीएसडी (आघातानंतर रेंगाळणारा मानसिक त्रास) टळतो असं दिसेना. भाजलेल्या रुग्णांच्या एका अभ्यासात तर ज्यांना बसवलं त्यांनाच वर्षभरानंतर जास्त त्रास होता. उपचारांच्या मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेने २००५ मध्ये हे सरसकट करू नका असं सांगितलं.

बहुतेक माणसं काही आठवड्यांत सावरतात. त्यांना पहिल्या तीन दिवसांत जबरदस्तीने बोलतं करणं म्हणजे ओली खपली काढणं. महिना उलटूनही स्वप्नं पडणं, दचकणं, विषय टाळणं चालू असेल, तर मात्र नीट उपचार हवेत. तुमच्या भावाने भेटायला हवं, सक्ती असो वा नसो.

मुठेकाठचा
ते प्रयोग रुग्णांवर, एकेकट्यांवर झाले ना? मिचेलची पद्धत मुळात एकत्र काम करणाऱ्या तुकडीसाठी होती.

ओपीडी_नंबर_९
आक्षेप रास्त आहे. पण तुकड्यांना फायदा होतो हे तरी कुठे पक्कं झालंय? त्यापेक्षा ब्रिटनच्या रॉयल मरीन्स या सैन्यदलातून आलेली 'ट्रिम' पद्धत बघा. दलातलेच काहीजण शिकवून तयार ठेवतात. ते घटनेनंतर तीनेक दिवसांनी आणि मग महिन्याभराने भेटतात. इलाज करत नाहीत, कोणाचं बिनसलंय तेवढं ओळखून पुढे पाठवतात. तुमच्या स्टेशनात हे काम चहाच्या टपरीवरही होईल.

जुना_बंब
टपरीवर बोललेलं संध्याकाळपर्यंत कंट्रोलला पोचतं. बढतीच्या वेळी 'याचं डोकं जरा...' एवढं पुरतं. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात गोपनीयतेचा हक्क आहे, माहीत आहे मला. कायदा बराकीत झोपत नाही.

एकशेआठ_माजी
इथे सगळी चर्चा बंबाचीच चालली आहे. फायरमनला निदान स्टेशन आणि सोबतची माणसं असतात. राज्यात १०८ रुग्णवाहिका सेवा २०१४ मध्ये ९३७ गाड्यांवर सुरू झाली. एका गाडीत एक डॉक्टर, एक पायलट (ड्रायव्हरला आमच्यात पायलटच म्हणतात). बस्स. कुठल्यातरी रुग्णालयाच्या आवारात गाडी लावून बसायचं. नोकरी ठेकेदाराकडे, त्यामुळे 'मला त्रास होतोय' म्हणायची सोय नाही.

हायवेवरच्या अपघातातलं रक्त हायपोक्लोराइटने पुसायचं, सक्शनची नळी बदलायची, तेवढ्यात पुढचा कॉल. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, वाटभर छाती दाबत आणलेला पेशंट कॅज्युअल्टीत सोपवला की पुढे तो जगला की गेला हे कधीच कळत नाही. मला अजूनही काहींचं माहीत नाही. ते समुपदेशकाला तरी कुठून माहीत असणार?

सातवा_मजला
टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन आहे की. १४४१६, चोवीस तास.

एकशेआठ_माजी
आहे, चांगली आहे. पायलट शेजारी बसलेला असताना गाडीतून लावून बघा.

घरची_बाजू
माझे यजमान फायरमन आहेत. मला सक्तीचा समुपदेशकही नको आणि सप्ताहातला सत्कारही नको. तशी वर्दी झाली की दुसऱ्या दिवशी सुट्टी द्या आणि पगार कापू नका. घरी येऊन ते नुसते झोपले तरी चालेल.

जुना_बंब
ताई, सुट्टीला बदली माणूस लागतो. आमच्या गाडीवर कित्येकदा निम्मीच माणसं असायची. म्हणून मी आधी भरती म्हणतोय, दगडाच्या काळजाचा आहे म्हणून नाही.

मुठेकाठचा
आणि भरती होईपर्यंत?

एकशेआठ_माजी
तोवर पेशंटचं काय झालं तेवढं कळवा. रुग्णालयाकडून कंट्रोलला, कंट्रोलकडून आम्हाला. नाव नको, फक्त कॉलचा नंबर आणि वाचला की नाही. याला ना नवं पद लागतं, ना टेंडर.

ओपीडी_नंबर_९
गेला असं कळलं तर?

एकशेआठ_माजी
तरी कळवा.