मदत हवी आहे: रिकव्हरी ड्राइव्ह भरला आहे, त्यातलं काय पुसलं तर चालेल?

नमस्कार,

साताऱ्याला बाबांच्या कॉम्प्युटरवर दोन आठवड्यांपासून रोज 'लो डिस्क स्पेस'ची सूचना येते आहे. सी ड्राइव्हवर ४५० जीबीपैकी ३०० जीबी मोकळे आहेत. त्याखालच्या डी ड्राइव्हची पट्टी मात्र लालभडक. नाव 'रिकव्हरी', एकूण १४.६ जीबी, शिल्लक ३८ एमबी. मशीन २०१२ मध्ये विंडोज ७ सकट घेतलं होतं, नंतर त्यावरच विंडोज १० चढवलं.

बाबा मोडी लिपीतले जुने कागद स्कॅन करतात. आमच्या घरातले आणि गावातल्या तीन-चार घरांनी विश्वासाने दिलेले. रुमालात बांधलेलं दप्तर सोडलं की काही कागदांच्या कडा हातातच झडतात, त्यामुळे ते पुन्हा स्कॅनरवर ठेवायची सोय नाही. सगळं मिळून २६ जीबी, सी ड्राइव्हवर डॉक्युमेंट्समध्ये. 'दर रविवारी बॅकअप होतो' असं बाबा धरून चालले आहेत. मशीन लावून देणाऱ्याने तसं करून दिलं होतं.

काल मी डी उघडून पाहिला. एक 'रिकव्हरी' नावाचं फोल्डर आहे, ११ जीबीचं. दुसऱ्या फोल्डरला कॉम्प्युटरचंच नाव आहे, ते साडेतीन जीबीचं. शिवाय 'मीडियाआयडी डॉट बिन' अशी एक फाइल.

यातलं काय पुसलं तर चालेल? डी ड्राइव्ह मोठा करता येतो का? आणि बाबांचे कागद खरंच सुरक्षित आहेत का, हे कसं तपासू? जाणकारांनी कृपया सांगावं. तोवर मी कशालाही हात लावत नाही.

प्रतिसाद १

डी फॉरमॅट करून सीला जोडून टाका. कटकट संपेल.

प्रतिसाद २

ताई, फॉरमॅट अजिबात करू नका, निदान आज तरी नको. कॉम्प्युटरचं नाव असलेलं फोल्डर आणि ती बिन फाइल ही विंडोजच्या बॅकअपची खूण आहे. म्हणजे बॅकअप डीवरच जातो आहे. २६ जीबीचे कागद साडेतीन जीबीत मावणार नाहीत. स्कॅन केलेल्या जेपीजी फाइली दाबूनही फारशा लहान होत नाहीत. त्यामुळे बॅकअप मध्येच अडकला असणार. आणि सी, डी हे एकाच डिस्कचे दोन भाग आहेत. उद्या डिस्क गेली तर दोन्ही एकदम जातील. म्हणून आधी बाहेरची हार्ड डिस्क आणा, कागदांचं अख्खं फोल्डर तिच्यावर कॉपी करा आणि दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. मगच पुढचं.

पुढचं असं. कंट्रोल पॅनेलमध्ये 'बॅकअप अँड रिस्टोर (विंडोज ७)' उघडा. विंडोज १० मध्येही त्याचं नाव तेच आहे. शेड्यूल बंद करा. मग 'मॅनेज स्पेस'मध्ये 'व्ह्यू बॅकअप्स'वर जाऊन जुने संच तिथूनच पुसा. ११ जीबीच्या फोल्डरला हात नको, ते कंपनीने दिलेलं आहे. सिस्टीम प्रोटेक्शन डीसाठी चालू असेल तर तेही बंद करा, त्याचे रिस्टोर पॉइंट (आधीच्या स्थितीला परत जाण्यासाठीच्या नोंदी) जागा खातात. शेवटी डिस्क मॅनेजमेंटमध्ये डीवर राइट क्लिक करून 'चेंज ड्राइव्ह लेटर'मधून अक्षर काढा. भाग जागेवर राहतो, फक्त दिसेनासा होतो आणि चुकून कोणी त्यात काही ठेवत नाही.

मोठा करायच्या भानगडीत पडू नका. त्या भागाचं काम मशीन विकत घेतलं तसं करून देणं एवढंच, म्हणजे तुम्हाला विंडोज ७ परत मिळेल. त्याचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला. सीला जोडायचं म्हटलं तरी 'एक्स्टेंड' (भाग वाढवण्याची सोय) फक्त सीच्या लगेच उजवीकडे मोकळी जागा असेल तरच चालतं. विंडोज १० चढवताना सी आणि डीच्या मध्ये बहुतेक ४५० एमबीचा एक छोटा भाग तयार झाला असेल. तो विंडोज १० च्या दुरुस्तीचा आहे, तो उडवू नका.

धागाकर्ती

मनापासून आभार. १ टीबीची डिस्क आणून कॉपी केली आणि माझ्या लॅपटॉपवर पाचपन्नास कागद उघडून पाहिले, सगळे नीट आहेत.

पुसण्याआधी डीवरचं फोल्डर तपासलं. आत एकच 'बॅकअप सेट', तारीख ऑगस्ट २०१९ ची. त्यातल्या झिप फाइली उघडल्या तर फक्त सुरुवातीच्या दोन दप्तरांचे कागद निघाले. त्यानंतरचं बाबांचं सगळं काम एवढी वर्षं एकाच डिस्कवर होतं. बाबांना दाखवलं. ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग त्यांनी विचारलं, "दुसरी एक डिस्क आणशील का? ती तुझ्याकडे पुण्याला असू दे."

सांगितल्याप्रमाणे संच पुसला, अक्षर काढलं, सूचना बंद झाली. मधला ४५० एमबीचा भाग खरंच होता, तो तसाच ठेवला आहे.

आता एकच विचारते. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि २०१२ चं हे मशीन विंडोज ११ च्या यादीत बसत नाही. विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाकायचा विचार आहे. बाबांच्यासारखा जुना स्कॅनर लिनक्सवर चालवून पाहिलेलं कोणी आहे का?