स्मोकर आणि मागच्या वेळचा राजमा

दादा: मंडळी रविवारचं फिक्स, आपण १४ जण. मीट माझ्याकडे आणि यावेळी साइड डिशेस पण सगळ्या स्मोकरमध्येच (आपला लाकडाच्या धुरावर मंद आचेत शिजवायचा डबा) करणार, किचनमध्ये कोणी जायचंच नाही 💪 बटाटे, राजमा-बीन्स, मका, मॅक अँड चीज. सगळं सकाळी मीटबरोबर आत आणि ६ तासांनी सगळं एकदम बाहेर

वहिनी: मागच्या वेळचा राजमा विसरलास वाटतं

आत्या: मी नाही विसरले. दातात कट्कन वाजला होता

धाकटा: आणि चव अशी की कोणीतरी ॲशट्रे त्यात उपडा केलाय 😂

दादा: अरे पण ६ तास होता आत!! १०७ डिग्रीवर! पाणी १०० ला उकळतं ना, मग कच्चा कसा राहतो हेच मला कळलं नाही

काका: अरे कारण तुझ्या भांड्यातलं पाणी १०० ला पोचलंच नाही. बाहेरची हवा १०७ असली तरी उघड्या ट्रेमधून वाफ सतत निघत असते आणि वाफ निघताना उष्णता घेऊन जाते, घाम आल्यावर वारा लागला की गार वाटतं ना तेच. त्यामुळे ट्रेमधलं पाणी तासन् तास नुसतं गरम राहतं, उकळी काही फुटत नाही. तुझं मीट मधेच ६५-७० ला येऊन अडकतं आणि तू मला घाबरून फोन करतोस त्याचं कारणही हेच. मांसाचं त्यात काही बिघडत नाही, उलट हळूहळू मऊ पडतं, पण भाजीतलं आणि कडधान्यातलं पेक्टिन, म्हणजे त्यांना टणक धरून ठेवणारा चिकट घटक, साधारण ८५ च्या खाली ढिम्म हलत नाही, बटाटा तिथे दिवसभर बसला तरी टणकच राहणार

दादा: म्हणजे स्मोकरमध्ये भाजी शिजतच नाही?

काका: शिजते रे, पण रडत रडत. मी सरळ असं धरून चालतो की मांस स्मोकरमध्ये शिजवायचं आणि बाकीचं सगळं आधी शिजवून धुरासाठी आत न्यायचं. हे एकदा मान्य केलं की अर्ध्या कटकटी संपतात

दादा: पण मग किचनमध्ये जावंच लागणार 😐

वहिनी: हो रे राजा

ताई: एक मिनिट, राजम्याचं चेष्टेवारी नेऊ नका. लाल राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन म्हणून एक लेक्टिन, म्हणजे पोट बिघडवणारं प्रथिन असतं, ते खळखळ उकळीत किमान १० मिनिटं राहिलं तरच निकामी होतं. काही ठिकाणी ३० मिनिटं उकळा असं सांगतात आणि मी पण ३० च धरते. ७०-८० वर तासन् तास ठेवलं तरी ते पुरतं जाईल याचा भरवसा नाही, उलट असा अर्धवट तापलेला राजमा कच्च्यापेक्षा जास्त त्रास देऊ शकतो. मागच्या वेळी कोणी फार खाल्ला नाही हे नशीब, नाहीतर ओकाऱ्या आणि जुलाब दोन्ही झाले असते

आत्या: मी दोन दाणे खाऊन सोडला होता

ताई: आत्या तुमचे दात वाचले आणि पोट पण 😄 दादा, रात्रभर भिजव, ते पाणी फेकून दे, नवीन पाण्यात उकळव आणि कुकरमध्ये पूर्ण मऊ करून घे. बोटांनी दाबला की पीठ झालं पाहिजे. टोमॅटो, व्हिनेगर, मोलॅसिस (साखर काढून उरणारा काळा पाक) हे सगळं त्यानंतर. आंबट पडलं की साल मऊ होत नाही आणि मोलॅसिसमधल्या कॅल्शियममुळे पण तेच होतं. तू मागच्या वेळी हे सगळं कच्च्या राजम्यावरच ओतलं होतंस

दादा: रेसिपीत तसंच होतं

काकू: रेसिपीत डब्यातले शिजलेले बीन्स असणार रे. नीट वाच

दादा: ...हो 🙈

धाकटा: आणि ॲशट्रेचं काय? त्याचं उत्तर राहिलं

काका: ते सांगतो. साइड डिशमध्ये धूर मांसापेक्षा लवकर भरतो. मोठ्या मांसाच्या तुकड्याला वरचा थोडासाच भाग असतो आणि आत किलो-दोन किलो बिनधुराचं असतं, त्यामुळे घासाघासात तोल राहतो. बीन्स तू दर अर्ध्या तासाने ढवळतोस, म्हणजे धूर लागलेला वरचा थर खाली आणि नवा वर, आणि सहा तासांत सगळा रस धुरकट. शिवाय धूर ओल्या आणि गार पृष्ठभागावर जास्त बसतो आणि धुराच्या चवीचे बरेच पदार्थ तुपातेलात छान विरघळतात, म्हणून चीज, बटर, क्रीम असलेलं काहीही फार पटकन धूर पकडतं. मॅक अँड चीजला माझ्या मते पाऊण तास खूप झाला, तासाच्या पुढे गेलं की जीभ बधिर

ताई: धुराची चव म्हणजे मुख्यतः लाकडाला टणकपणा देणारं लिग्निन जळताना तयार होणारी ग्वायाकॉल आणि सिरिंगॉल ही रसायनं. थोडं असलं की मस्त, जास्त झालं की औषधासारखं लागतं

काका: आणि धूर कसला आहे तेही बघ. चिमणीतून दाट पांढरा लोट येत असेल तर लाकूड नीट जळत नाहीये, तेव्हा काहीही आत ठेवू नकोस. पातळ, निळसर, जेमतेम दिसेल असा झाला की मग. मागच्या वेळी तू ओली लाकडं टाकून वर झाकणाचे व्हेंट (हवेची भोकं) बंद केले होतेस, मी बघत होतो पण तू यजमान म्हणून बोललो नाही

वहिनी: काका बोलायचं होतं हो 🙏

दादा: लाकूड कोणतं? माझ्याकडे हिकरी आहे आणि मेस्कीटची अर्धी पिशवी

काका: मेस्कीट राहू दे बाजूला, साइड डिशला फार उग्र होतं. हिकरी मांसाला ठीक. पण दोन्ही एकाच डब्यात असणार, मग काय करशील, तर सफरचंद किंवा चेरीचं घे, सौम्य असतं, मांसालाही चालतं. पाइनसारखं डिंकाचं लाकूड आणि रंग लावलेल्या फळ्या वगैरे अजिबात नाही

आत्या: अरे ते सगळं ठीक, माझं काय? मी मांस खात नाही, माझी ताटली कुठे ठेवणार

काका: आक्का तुझं सगळ्यात वरच्या जाळीवर. धाकट्या हे लक्षात ठेव, व्हेजचं काहीच मांसाच्या खाली नको, थेंब पडतात

आत्या: आणि जाळी वेगळी. घासलेली.

दादा: हो आत्या, नवीन आणतो

धाकटा: पण व्हिडिओत तर बीन्स मुद्दाम मीटच्या खाली ठेवतात, चरबी टपकून चव येते म्हणून

काका: येते, मीही ठेवतो, आक्काचे बीन्स वेगळ्या ट्रेमध्ये काढून मगच. फक्त वर कच्चं चिकन असेल तर त्याचा रस बीन्समध्ये पडतो, मग ते बीन्स ७४ डिग्रीपर्यंत गेले की नाही हे थर्मामीटर घालून बघायचं, अंदाजाने नाही. शेवटी गॅसवर एक उकळी काढली की प्रश्नच मिटला

आत्या: मग मला वेगळ्या ट्रेतले बीन्स आणि अजून काय

काकू: आक्का तुमच्यासाठी कोबी करू. अख्खा गड्डा, मधला दांडा कोरून काढायचा, त्या खड्ड्यात बटर, मीठ, मिरपूड, लसूण. १२० वर दोनेक तास उघडा, मग फॉइलमध्ये गुंडाळून मऊ होईपर्यंत, एकूण ३-४ तास लागतात. कोबी असा आहे की कच्चा आत टाकला तरी चालतो कारण घाई नाही. वरची पानं काळपट होतात ती काढून टाकायची, आतलं लोण्यासारखं. मला तर मांसापेक्षा तोच आवडतो पण ह्यांच्यासमोर बोलता येत नाही

काका: वाचतोय मी

काकू: वाचा

वहिनी: 😂😂 मका? सालासकट की सोलून?

काका: सोलून. साल ठेवली तर वाफेत छान शिजतो पण धूर आत जात नाही, मग स्मोकरमध्ये ठेवलाच कशाला. बटर लावायचं, १२० ला पाऊण ते एक तास, मधे एकदा फिरवायचा

दादा: आणि बटाटे? ते पण आधी उकडायचे?

काका: अख्खे ठेवणार असशील तर १०७ वर तीन-साडेतीन तास सुद्धा जातील आणि साल चामड्यासारखी होते. त्यापेक्षा अर्धे उकड, दोन तुकडे कर, तेल-मीठ लाव आणि शेवटचा एक तास आत. स्मोकर १५० पर्यंत जात असेल तर मांस काढून विश्रांतीला ठेवल्यावर तापमान वाढव, तोच बटाट्याचा टाइम

ताई: आणि फॉइलमध्ये गुंडाळलेले बटाटे उरले तर तसेच ओट्यावर ठेवायचे नाहीत प्लीज. फॉइलमध्ये हवा नाही, ओलावा आहे, क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या विष तयार करणाऱ्या जंतूला अजून काय पाहिजे. १९९४ मध्ये अमेरिकेत एल पासोला असेच फॉइलमधले भाजलेले बटाटे बाहेर ठेवून मग डिपमध्ये वापरले गेले आणि ३० जणांना बोट्युलिझम (त्याच जंतूची विषबाधा) झाला होता. एकतर ६० डिग्रीच्या वर गरम ठेवा नाहीतर फॉइल काढून फ्रिजमध्ये

धाकटा: ताई जेवणाच्या ग्रुपवर भूक घालवण्याचं काम करते

ताई: 😇

वहिनी: मॅक अँड चीज मी करते. पॅकेटवर ८ मिनिटं लिहिलंय, मी ६ ला काढते आणि सॉस पातळच ठेवते, कारण आत पाणी उडून घट्ट होतं. चीज ब्लॉक आणून घरी किसणार, तयार किसलेल्याला स्टार्च वगैरे लावलेला असतो, सॉस रवाळ होतो. वरून ब्रेडचा चुरा घालू?

काका: घाल पण तो तिथे कुरकुरीत होणार नाही, एवढ्या कमी तापमानात आणि वाफेत मऊच पडतो. चुरा बटरमध्ये तव्यावर आधी परतून घे आणि वाढताना वर टाक. ट्रे रुंद आणि उथळ घे, खोल भांड्यात फक्त वरचा एक बोट थर धूर खातो

दादा: ट्रे ॲल्युमिनियमचे डिस्पोजेबल चालतील ना? घासायला नकोत

काका: मॅकला चालतील. टोमॅटो-व्हिनेगरवाले बीन्स त्यात तासन् तास नको, स्टीलचं भांडं घे

काकू: स्टीलच्या भांड्याला बाहेरून फॉइल लावा आधी. मागचं पातेलं मी तीन दिवस घासतेय

धाकटा: माझी आयडिया ऐका, चीजचा अख्खा ब्लॉक स्मोक करून क्रॅकर्सबरोबर

काका: त्याला गार धूर लागतो, ३२ च्या आत, नाहीतर चीज वितळून जाळीतून खाली. आणि केल्यावर लगेच खाल्लं तर राख लागते, गुंडाळून फ्रिजमध्ये आठवडा-दोन आठवडे ठेवलं की मुरतं. रविवारसाठी उशीर झाला. तू काजू-बदाम कर, १०७ वर तासभर, मीठ आणि थोडी साखर लावून, पोरंटोरं तेवढ्यावर शांत बसतील

वहिनी: एक विचारायचं राहिलं, पाऊस आला तर स्मोकर गॅलरीत घेऊ का? काचा उघड्या ठेवून?

ताई: नाही नाही नाही. कार्बन मोनॉक्साइड. वासही येत नाही त्याला. उघड्यावरच, पाऊस आला तर रद्द नाहीतर ओव्हन

काकू: ओव्हन आणि स्मोक्ड पॅप्रिका (धुरावर वाळवलेल्या मिरचीची पूड). कोणाला कळणार नाही

काका: मला कळेल

काकू: तुम्हाला सोडून

दादा: ओके फायनल लिहितो, चुकलं तर सांगा. जेवण १ ला. मीट मी पहाटे लावतो. राजमा आज रात्री भिजवतो, उद्या उकळून मग कुकरला मऊ, रविवारी १० ला सॉस घालून आत, आत्याचा वेगळा ट्रे वरच्या जाळीवर. कोबी ९ ला वर. मीट १२ ला बाहेर, विश्रांती. मग तापमान वाढवून अर्धे उकडलेले बटाटे आणि मका. मॅक पण तेव्हाच

काका: मॅक तेव्हा नको, १५० ला सॉस फुटेल, तेल वर येईल. मॅक ११ ला आत आणि पावणेबाराला बाहेर. आणि एकदम चार गार ट्रे आत टाकू नकोस, तापमान धाडकन पडतं आणि मग मांसाचा टाइम चुकतो. सगळं आत जाण्याआधी गरम करून घे. आणि झाकण दर १० मिनिटांनी उघडायचं नाही

वहिनी: त्यासाठी मी खुर्ची टाकून बसते तिथे

आत्या: राजमा उकळलास की मला फोटो पाठव. बुडबुड्यांचा.

दादा: व्हिडिओ पाठवतो आत्या

आत्या: १० मिनिटांचा

ताई: ३० 🙂