गणपतीचे व्हिडिओ सगळ्यांना द्यायचे कसे? (सोसायटी ग्रुप, चिपळूण)

शनिवार

मानसी ए-५: ओंकार, बाप्पा जाऊन आठ दिवस झाले. पोरांच्या नाचाचे व्हिडिओ कधी देतोस? आई माहेरून रोज विचारत्येय.

ओंकार सी-७: ताई, सगळं मिळून ३८ जीबी आहे. आरत्या, नाच, विसर्जन आणि शेवटच्या रात्रीची जाखडी अख्खी. इथे व्हिडिओ म्हणून टाकला की व्हॉट्सॲप त्याचा पार भुगा करतं. डॉक्युमेंट म्हणून टाकायला गेलो तर एका फाइलला २ जीबीची मर्यादा, आणि एकट्या जाखडीची फाइल ११ जीबीची.

सेक्रेटरी: पेनड्राइव्ह फिरवा.

शिरीष ए-३: गेल्या वर्षीचा अजून फिरतोच आहे काका. शेवटचा बी-विंगमध्ये दिसला होता.

बापट काका बी-२: मी परत दिला होता. तेव्हाच सही घ्यायला हवी होती.

ओंकार सी-७: गूगलवर फुकटची जागा १५ जीबी, त्यातली निम्मी माझ्या मेलनेच खाल्लेय. आणि समजा कुठे चढवलं, तरी आधी मी चढवायचं, मग १४ घरांनी उतरवायचं. टॉरेंट करूया का?

बापट काका बी-२: ओंकार, हा सोसायटीचा ग्रुप आहे. टॉरेंट म्हणजे चोरीचे सिनेमे. उद्या कुणी विचारायला आलं तर सेक्रेटरी म्हणून नाव कुणाचं?

सेक्रेटरी: माझं नको.

ओंकार सी-७: काका, टॉरेंट ही फक्त पोचवायची पद्धत. टेम्पोतून आंबे जातात तशी चोरीची वाळूही जाते, म्हणून टेम्पो बेकायदा होत नाही. उबुंटू, लिब्रेऑफिस ही फुकट सॉफ्टवेअर बनवणारी मंडळी स्वतःच्या वस्तू स्वतःच टॉरेंटने देतात. इंटरनेट आर्काइव्हवर जुन्या पुस्तकांसोबत टॉरेंटची फाइल असते.

तेजस बी-६: आणि नवीन पिक्चर?

ओंकार सी-७: तो नाही. त्यातली गोम ऐक. टॉरेंटमध्ये तू नुसता घेत नाहीस, घेता घेता पुढच्याला देतही असतोस, तेही आपोआप. म्हणजे पायरेटेड सिनेमा उतरवणारा त्याच वेळी वाटपही करत असतो, आणि त्याच्या इंटरनेट कनेक्शनचा क्रमांक, म्हणजे आयपी पत्ता, त्या टॉरेंटमधल्या बाकी सगळ्यांना दिसतो.

बापट काका बी-२: कॉपीराइट कायदा १९५७, कलम ६३. सहा महिने ते तीन वर्षं कैद, ५० हजार ते २ लाख दंड. बँकेत असताना पाठ होतं.

शिरीष ए-३: बँकेत कॉपीराइट कशाला लागायचा काका?

बापट काका बी-२: वाचायला बंदी नव्हती.

मानसी ए-५: पण हे चालतं कसं? दोन ओळींत सांग, कुकर लावलाय.

ओंकार सी-७: दोन ओळींत नाही जमणार. समजा गावच्या जाखडीवाल्या बुवांकडे गाण्यांची एकच वही आहे, शंभर पानांची. चौदा जणांना हवी. एकेकाने अख्खी उतरवून घ्यायची म्हटली तर दिवाळी येईल. त्यापेक्षा बुवांनी पानं सुटी केली, प्रत्येकाला वेगवेगळी दिली, आणि सांगितलं की आता आपापसात बघून घ्या. माझ्याकडचं १२ वं पान तुला, तुझ्याकडचं ४० वं मला. बुवांना प्रत्येक पान साधारण एकदाच हातावेगळं करावं लागलं.

ओंकार सी-७: बुवा म्हणजे सीडर, पूर्ण वही असलेला. बाकीचे पिअर. ‘पिअर टू पिअर’ ते हेच, मध्ये मोठं दुकान नाही.

शिरीष ए-३: आणि कुणी मुद्दाम चुकीचं पान दिलं तर? आमच्याकडे भजनात होतं असं.

ओंकार सी-७: प्रत्येक तुकड्याचा ठसा टॉरेंटच्या फाइलमध्ये आधीच नोंदलेला असतो. आलेला तुकडा जुळला नाही की फेकून देतात आणि दुसऱ्याकडून मागवतात. पण मला यातली सगळ्यात आवडती गोष्ट वेगळीच आहे. जो तुकडा सगळ्यात कमी लोकांकडे आहे, तो आधी घ्यायचा. चाकरमानी संध्याकाळच्या गाडीने मुंबईला चाललाय आणि ६७ वं पान त्याच्या एकट्याकडे आहे, तर बाकीचं सोडून आधी ते उतरवून घ्या. तो गेला की वही कायमची अर्धी.

वैद्य काकू, तळमजला: हे बरं सांगितलंस.

ओंकार सी-७: ब्रॅम कोहेन नावाच्या माणसाने २००१ मध्ये ही टॉरेंटची पद्धत, बिटटॉरेंट, बाहेर काढली. त्याआधी १९९९ मध्ये गाणी वाटायचं नॅपस्टर आलं होतं. त्यात गाणी लोकांच्या घरी, पण यादी कंपनीच्या एकाच ठिकाणी. २००१ मध्ये कोर्टकचेरीत ती यादी बंद पडली आणि सगळंच बसलं.

वैद्य काकू, तळमजला: एकाच ठिकाणी ठेवलं की असंच. सोसायटीच्या गणपतीचे सगळे आल्बम ऑफिसच्या लोखंडी कपाटात होते. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी आत आली, त्यानंतर त्या कपाटातून आम्ही नुसता चिखल काढला. २००५ च्या पुरात पाणी कपाटाच्या खालच्या फळीपर्यंतच होतं, म्हणून आल्बम वरच्या फळीवर ठेवले होते. हुशारी.

सेक्रेटरी: काकू, ते कपाट मीच बाहेर टाकलं. कुलूप तोडावं लागलं होतं.

मानसी ए-५: ओंकार, ते टॉरेंट आपल्यातच राहील का? पोरांचे व्हिडिओ आहेत. ते उतरवायची लिंक, मॅग्नेट लिंक म्हणतात ती, कुणी दुसऱ्या ग्रुपवर ढकलली तर?

ओंकार सी-७: तर ज्याच्या हातात लिंक पडेल तो उतरवू शकतो. टॉरेंटमध्ये ‘प्रायव्हेट’ असा पर्याय असतो, पण त्याला कोण कुठे आहे हे सांगणारा ट्रॅकर आपला स्वतःचा चालवावा लागतो.

मानसी ए-५: मग नको. जगाला कशाला दाखवायचे आमच्या मुलींचे नाच.

शिरीष ए-३: खाली मावशी आल्येय. बांगडे ताजे आहेत. ओंकारचं उद्या बघू.

रविवार

ओंकार सी-७: मानसीताईचं बरोबर होतं. टॉरेंट हे सगळ्यांना द्यायच्या मोठ्या फाइलींसाठी. आपल्याला सिंकथिंग बरं, म्हणजे सगळ्यांच्या लॅपटॉपवर एकच फोल्डर सारखं ठेवणारा प्रोग्राम. फुकट, ओपन सोर्स. प्रत्येक लॅपटॉपला एक लांबलचक ओळख क्रमांक मिळतो. मी तुमचा घालायचा, तुम्ही माझा. दोघांनी होकार दिल्याशिवाय काही जात नाही, आणि जाताना कुलूपबंद जातं.

बापट काका बी-२: खर्च?

ओंकार सी-७: शून्य. फक्त वायफायवर लावा, मोबाइलच्या डेटावर नको, अख्खा महिना एका रात्रीत जाईल. लॅपटॉप झोपला की देणंघेणं बंद, तेव्हा स्लीप काढून ठेवा. आणि प्रोग्राम त्यांच्या स्वतःच्या वेबसाइटवरून घ्या. गूगलवर पहिलं दिसेल ते नको.

तेजस बी-६: टॉरेंटचा प्रोग्राम क्यूबिटटॉरेंट पण टाकला मी, विंडोजऐवजी चालणारं लिनक्स मिंट उतरवतोय शाळेच्या जुन्या लॅपटॉपसाठी. ते चालेल ना?

ओंकार सी-७: एकदम चालेल. उतरल्यावर लगेच बंद नको करू, जेवढं घेतलंस तेवढं तरी परत दे. अपलोडला मर्यादा घाल, नाहीतर मधल्या वेळेत तुझे बाबा मीटिंगमध्ये रोबोटसारखे बोलतील.

शिरीष ए-३: हिशेब सांग, किती वेळ लागेल?

ओंकार सी-७: माझा अपलोड २० एमबीपीएस. ३८ जीबी एका घराला म्हणजे सव्वाचार तास. चौदा घरांना मी एकट्याने दिलं तर जवळजवळ ६० तास. पण तुम्ही मला ‘इंट्रोड्यूसर’ म्हणून खूण केलीत की तुमची एकमेकांशी ओळख आपोआप होईल आणि तुम्हीही आपापसात द्याल. मग एका रात्रीत निम्म्याहून जास्त व्हायला हवं.

सोमवार

सेक्रेटरी: माझं ०. रात्रभर ०.

मानसी ए-५: माझं ६२ टक्के.

ओंकार सी-७: काका, लॅपटॉपचं झाकण लावलंत का?

सेक्रेटरी: झोपताना लावणारच ना.

शिरीष ए-३: माझं येतंय पण मुंगीच्या पावलाने. मानसीचं धावतंय.

ओंकार सी-७: शिरीष, तुमचं कनेक्शन बहुतेक सीजीएनॅटच्या मागे आहे. एकच बाहेरचा पत्ता अनेक गिऱ्हाइकांत वाटलेला असतो, म्हणून बाहेरून थेट तुमच्या दारात येता येत नाही. तेव्हा सिंकथिंग मधल्या रिले मशीनमार्फत पाठवतं. पोचतं, पण वळसा घालून. संध्याकाळी लॅपटॉप घेऊन माझ्याकडे या. एकाच वायफायवर आले की ते एकमेकांना ओळखतात, इंटरनेट लागतच नाही. लाईन तुटली तरी चालेल.

शिरीष ए-३: लाईट गेली तर?

ओंकार सी-७: राऊटरला इन्व्हर्टर आहे. चहाला गॅस आहे.

मंगळवार

मानसी ए-५: ओंकार!! सगळे नाच गेले. फोल्डर उघडं आहे आणि आत फक्त आरत्या.

शिरीष ए-३: माझेही गेले. काल रात्री पूर्ण होते, चहा पिऊन आलो तेव्हा.

ओंकार सी-७: कुणी काही डिलीट केलं का? खरं सांगा, रागावणार नाही.

बापट काका बी-२: मी. जागा होत नव्हती. म्हटलं माझ्या नातवाचा ठेवावा, बाकीचे काढावेत. माझ्या लॅपटॉपवरचे काढले, तुमच्या कुणाच्या घरी शिरलो नाही.

ओंकार सी-७: काका, चूक माझी. तुमच्याकडे ‘फक्त घेणे’ निवडायचं राहिलं, ‘देणे आणि घेणे’ तसंच होतं. त्यामुळे तुम्ही पुसलं ते सिंकथिंगला बदल वाटलं आणि त्याने तो प्रामाणिकपणे सगळीकडे पोचवला. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे, हे मी आधीच सांगायला हवं होतं.

मानसी ए-५: मग आता?

ओंकार सी-७: माझ्याकडे ‘फक्त देणे’ आहे, मूळ फाइली जागच्या जागी आहेत. लाल बटण आलंय, बदल झुगारून माझंच खरं म्हणायचं. दाबलं. परत येतायत. काका, तुमच्याकडे मी दहा मिनिटांत येतोय, तोवर कशाला हात लावू नका.

बापट काका बी-२: चहा टाकतो. लिंबाचं लोणचंही आहे.

गुरुवार

ओंकार सी-७: ११ घरं पूर्ण. बी-४, बी-५ आणि सेक्रेटरी बाकी.

सेक्रेटरी: झाकण उघडं आहे.

नंदू, डोंबिवली: मी अजून या ग्रुपवर आहे हे कुणाला आठवत नसेल. माझ्याकडे २००९ च्या विसर्जनाची सीडी होती, मागे कॉम्प्युटरवर उतरवून ठेवलेली. ओंकार, मला पण जोडतोस का तुझ्या त्या वहीत?

ओंकार सी-७: नंदूदादा, क्रमांक पाठव. वेगळं फोल्डर करू, तुझ्याकडून ‘फक्त देणे’.

वैद्य काकू, तळमजला: २००९? त्या वर्षी जाखडीला ढोलकीवर हे होते.

नंदू, डोंबिवली: बघतो काकू.

नंदू, डोंबिवली: आहेत. ४१ व्या मिनिटाला. चष्मा घसरतोय आणि ढोलकी सोडवत नाही.

शुक्रवार

वैद्य काकू, तळमजला: आलं. रात्री तीनदा बघितलं. ओंकार, हे माझ्या हातून पुसलं गेलं तर?

ओंकार सी-७: काकू, तुमच्याकडे ‘फक्त घेणे’ आहे, मी स्वतः तपासलं. तुमच्या हातून गेलं तरी दुसऱ्या कुणाचं जाणार नाही, आणि तुम्हाला परत आणून देता येईल. शिवाय सकाळपासून ढोलकीची ती फाइल सहा घरांत आहे, त्यातली चार पहिल्या मजल्याच्या वर. एक प्रत सुट्या हार्डडिस्कवरही घेतली, ती कपाटात नाही ठेवत.

ओंकार सी-७: नंदूदादा, मशीन आज रात्री चालू ठेव. बी-विंगच्या दोघांचं अजून बाकी आहे आणि ५८ मिनिटांनंतरची पुढची फाइल सध्या तुझ्या एकट्याकडे आहे.

नंदू, डोंबिवली: ठेवतो. बायकोला सांगितलंय, झाडू मारताना वायर काढू नको म्हणून.