मदत हवी आहे: बेस गिटारची ई तार पहिल्या पाच फ्रेटवर खरखरते

नमस्कार मंडळी. 34 इंच स्केलचा (तारेच्या वाजत्या भागाची लांबी) चार तारांचा बेस आहे. गेल्या आठवड्यात 45-105 जाडीच्या (इंचाचे हजारावे भाग, सर्वात बारीक ते सर्वात जाड तार) तारा काढून 40-95 चा हलका सेट चढवला. तेव्हापासून ई तार (सर्वात जाड) पहिल्या पाच फ्रेटवर (नेकवरच्या, म्हणजे दांड्यावरच्या, धातूच्या आडव्या पट्ट्या) खरखरते, बाराव्याच्या पुढे मात्र स्वच्छ वाजते. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावून शेवटचा दाबला, तर सातव्यापाशी तार आणि फ्रेटमध्ये साधा कागदही सरकत नाही. ताण कमी झाल्याने नेक मागे वाकली असावी. सॅडल (ब्रिजवरचे तारांची उंची ठरवणारे आधार) वर घेतले, तर वरच्या फ्रेटवर बोटं दुखायला लागली. परत खाली आणले. आता ट्रस रॉड (नेकच्या आतली, तिचा बाक ठरवणारी सळई) सैल करायचाय. एका वेळी पाव फेरा पुरे ना? तारा आधी ढिल्या कराव्यात का? शनिवारी ऑर्केस्ट्रात वाजवायचंय, कृपया लवकर सांगा.