फ्रॉइड, युंग, अ‍ॅडलर यांच्या तुलनेसाठी पुस्तक सुचवा (सोलापूर, बजेट ५०० रुपये)

बाळीवेस_वाचक
नमस्कार. मी मानसशास्त्रात एम.ए. करते आहे. व्यक्तिमत्त्व आणि अबोध (जाणिवेबाहेरचं) मन यांबद्दलचे मनोविश्लेषणातले सिद्धांत आणि त्यांची तुलना, असा प्रकल्प मिळालाय. गाईडमध्ये प्रत्येकाला दीड पान आहे: जन्म, संकल्पना, टीका, संपलं. ते माझं पाठ आहे. पण एकाच माणसाकडे बघून हे सगळे वेगवेगळं काय सांगतील, ते कुठेच सापडत नाही. ५०० रुपयांच्या आत, शक्यतो मराठी, नवी पेठेत किंवा ऑनलाइन मिळेल असं काही आहे का? आणि तुलनेला कुणाला घेऊ?

जुना_ग्रंथपाल
ताई, फ्रॉइड मुळातून वाचल्याशिवाय तुलनेच्या भानगडीत पडू नका. इंग्रजीत त्याचं समग्र लेखन २४ खंडांत आहे. मी हैदराबादला जाईन तेव्हा अबिड्सच्या रविवारच्या बाजारातून एकेक खंड जमवत आलोय. आता असा संच सोलापुरात दुसऱ्या कुणाकडे असेल असं वाटत नाही. बजेट थोडं वाढवा.

विजापूर_वेस
५०० म्हणाली ना ती. २४ खंड कुठून आणेल?

झेडपी_गुरुजी
अ‍ॅडलर घे बाळा. बाकीचे दवाखान्यात चालतात, अ‍ॅडलर वर्गात चालतो. फ्रॉइड विचारतो, हे कशामुळे झालं? अ‍ॅडलर विचारतो, हे कशासाठी चाललंय? माझ्या वर्गात एका पोराचं रोज गणिताच्या तासाला पोट दुखायचं. आईबाप डॉक्टर करून थकले. मी त्याला खडू-डस्टरची जबाबदारी दिली, सगळ्यांसमोर त्याचं नाव घ्यायला लागलो, पोट थांबलं. न्यूनगंड आणि त्यावर मात करायची धडपड, सगळा माणूस यात येतो. आणि १९११ मध्ये अ‍ॅडलर फ्रॉइडपासून वेगळा झाला तो भांडकुदळ होता म्हणून नव्हे. माणसाचे बोध आणि अबोध असे दोन भांडणारे तुकडे करणं त्याला मान्य नव्हतं.

पार्कचौक_८८
युंग घ्या. आमच्या कंपनीत पुण्याला ट्रेनिंग झालं, त्यात चार अक्षरांत व्यक्तिमत्त्वाचा प्रकार सांगणारी टेस्ट घेतली. माझा आयएनटीजे आला. तंतोतंत मीच. पुस्तकाचीसुद्धा गरज नाही, ऑनलाइन फुकट आहे.

केगावकर
ती टेस्ट युंगची नाही. ती कॅथरिन ब्रिग्ज आणि इसाबेल मायर्स या मायलेकींनी केली. युंगच्या १९२१ च्या ग्रंथात अंतर्मुख-बहिर्मुख या दोन वृत्ती आणि विचार, भावना, संवेदन, अंतःप्रज्ञा ही चार कार्यं आहेत. शेवटचं अक्षर त्या दोघींनी जोडलं. शिवाय युंगचा खरा मुद्दा सामूहिक अबोध (सगळ्या माणसांत समान असलेलं अबोध मन) आणि आदिबंध (त्यातल्या मूळ प्रतिमा) हा आहे, त्याला ती टेस्ट शिवतही नाही. प्रकल्पात आयएनटीजे लिहिलंत तर तोंडी परीक्षेत अडकाल.

पार्कचौक_८८
पण माझं अगदी बरोबर आलं होतं की ओ.

मेकॅनिकल_अण्णा
सगळंच सोडा. विज्ञानाचा तत्त्वज्ञ कार्ल पॉपर १९१९ मध्ये अ‍ॅडलरला एक केस सांगायला गेला. अ‍ॅडलरने पोराला न बघताच न्यूनगंडावरून ती उलगडून दाखवली. मूल पाण्यात ढकलणारा आणि बुडतं मूल वाचवायला जीव देणारा, दोघांनाही एकच सिद्धांत लागू पडतो, ही पॉपरची तक्रार. जे कधी चुकूच शकत नाही त्याला विज्ञान म्हणायचं कसं?

झेडपी_गुरुजी
पोट दुखायचं थांबलं, अण्णा. मला तेवढं पुरे.

मेकॅनिकल_अण्णा
खडू-डस्टर न देताही थांबलं असतं की नाही, कसं ठरवणार?

समुपदेशक_सातरस्ता
पुस्तकाआधी केस ठरवा. एक कल्पित केस देते. किराणा दुकानदाराचा बावीस वर्षांचा मुलगा. हिशेबात हुशार. वडील गल्ल्यावर बसले असले की त्याची बेरीज चुकते, आणि चूक नेमकी दुकानाच्या तोट्याची असते. वडील गावाला गेले की एक पैसा इकडचा तिकडे होत नाही.

फ्रॉइड म्हणेल, चूक अपघाती नाही. वडिलांवरच्या रागाचं दमन झालंय, म्हणजे तो नकळत आत दाबला गेलाय, तो असा बाहेर येतो. नुकसानही होतं आणि शिव्या खाऊन मनातल्या पहारेकऱ्याची, म्हणजे पराहम्‌ची शिक्षाही भोगून होते.

अ‍ॅडलर विचारेल, या चुकीने त्याला काय मिळतं? दुकान अंगावर पडत नाही, म्हणजे नापास व्हायचा प्रसंगच येत नाही.

युंग शब्द-साहचर्य चाचणी (शब्द ऐकून मनात पहिलं येईल ते सांगायचं) घेईल आणि ‘वडील’ शब्दाला उत्तर द्यायला किती वेळ लागतो ते घड्याळात बघेल. मग आज्ञाधारक मुलाचा मुखवटा आणि त्यामागची छाया, म्हणजे स्वतःची नाकारलेली बाजू, यांबद्दल बोलेल.

मनोविश्लेषक कॅरेन हॉर्नायही बघा. ती म्हणेल, या घरात माया मिळाली ती हिशेब बरोबर आला तरच. म्हणून मूलभूत चिंता, म्हणजे आपण एकटे आणि असहाय आहोत ही भावना. राग येतो, पण ज्याच्यावर पोट अवलंबून त्याच्यावर दाखवता येत नाही, म्हणून तो गिळला जातो.

आणि ‘अहम् म्हणजे जाणीव’ असं कृपा करून लिहू नका. उत्तरपत्रिकांत हे सर्रास दिसतं आणि जीव तुटतो. बोध-बोधपूर्व (आठवलं की जाणिवेत येणारं)-अबोध ही मांडणी १९०० च्या सुमाराची, इदम् (आंधळ्या इच्छा)-अहम् (त्यांना वास्तवाशी जुळवणारा)-पराहम् ही १९२३ ची. दुसरी करावी लागली याचं एक मोठं कारण हेच, की अहम्‌चाही बराच भाग अबोध असतो. दमनासारखी संरक्षण यंत्रणा वापरणाऱ्याला आपण ती वापरतोय हे कुठे माहीत असतं?

गिरणी_कामगाराचा_मुलगा
मनोविश्लेषक एरिक एरिक्सन कुणीच कसा नाही घेतला? व्यक्तिमत्त्वविकासाच्या आठ अवस्था, म्हातारपणापर्यंत. फ्रॉइड पौगंडावस्थेशी थांबतो. १९१८ च्या अहमदाबादच्या गिरणी संपावरून त्याने गांधीजींचं व्यक्तिमत्त्व मांडलं, त्या पुस्तकाला पुलित्झर मिळालं. गिरण्या बंद पडल्यावर आमच्या गल्लीतली चाळिशीची माणसं एकदम मुकी झाली. ते मला एरिक्सन वाचूनच समजलं. हॉर्नाय-बिर्नायने नाही.

विजापूर_वेस
अ‍ॅडलरच सोपा. गुरुजी म्हणाले तेच बरोबर. ऑनलाइन मागवणार असाल तर जपून, मला आलेल्या पुस्तकात मधली पानं कोरी होती आणि विकणाऱ्याने हात वर केले.

केगावकर
भारतातलं कुणी घ्या. गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्ये कलकत्त्यात मनोविश्लेषण संस्था काढली, त्यांचा फ्रॉइडशी पत्रव्यवहार होता. विरुद्ध इच्छांचा त्यांचा स्वतःचा सिद्धांत आहे. गाईडमध्ये हे नावही नसतं, याची मला खंत आहे.

बाळीवेस_वाचक
सर्वांचे मनापासून आभार. समुपदेशक मॅडमची केस डोक्यातून जात नाही. ती घेऊन ठरवलंय: फ्रॉइड आणि हॉर्नाय, दोघंच. युंग आणि अ‍ॅडलर सोडतेय.

कारण सांगते. मुलाच्या मनात राग आहे, तो दाबलेला आहे आणि त्याला त्याचा पत्ता नाही, इथपर्यंत दोघं बरोबर चालतात. मग फुटतात. फ्रॉइड राग सहजप्रेरणेत आणि बापलेकाच्या जुन्या चुरशीत शोधतो, हॉर्नाय तो त्या घरातल्या रोजच्या वागण्यात शोधते. म्हणजे घर वेगळं असतं तर फ्रॉइडच्या मते संघर्ष तरीही असता, हॉर्नायच्या मते कदाचित नसता. मला हा फरक लिहायचाय. अ‍ॅडलर प्रश्नच वेगळा विचारतो, त्यामुळे माझ्या दोन याद्या होतील, तुलना होणार नाही. अण्णा, तुमचा पॉपर शेवटच्या प्रकरणात घेते, आणि तो हॉर्नायलाही लावून बघते.

पुस्तक विकत घेत नाही. फ्रॉइडच्या स्वप्नांवरच्या ग्रंथाचं १९१३ चं इंग्रजी भाषांतर स्वामित्वहक्क संपल्यामुळे फुकट मिळालं. बाकी हिराचंद नेमचंद वाचनालयात बसून बघते.

झेडपी_गुरुजी
पटलं नाही. निदान तो मुलगा भावंडांत कितवा, एवढं तरी केसमध्ये घाल.

बाळीवेस_वाचक
घालते गुरुजी. मधला करते.

जुना_ग्रंथपाल
१९२३ चं लेखन १९ व्या खंडात आहे. न्यायला ये, पण पेनने खुणा करायच्या नाहीत. आणि फ्रॉइड आधी वाच, हॉर्नाय नंतर.