वजन विचारणारा पायथन प्रोग्रॅम चुकीच्या नोंदीवर बंद पडतो, तपासणी कशी करावी?

प्रश्न (रावेर तालुका)

सर्वांना नमस्कार. केळी कापणीच्या हिशेबासाठी मी पायथनमध्ये एक छोटा प्रोग्रॅम लिहिला आहे. तो शेतकऱ्याचे नाव, मालाचा प्रकार (नवती, पिलबाग किंवा कांदेबाग), क्विंटलमधील वजन आणि क्विंटलचा भाव विचारून रक्कम काढतो. काट्यावरचा मुलगा वजन कधी इंग्रजी आकड्यांत, कधी मराठी आकड्यांत, तर कधी ‘१२.५ क्विंटल’ असे शब्दासह टाकतो. शब्द आला की व्हॅल्यूएरर (मजकुराचा आकडा न होण्याची चूक) येऊन प्रोग्रॅम बंद पडतो आणि तोवर भरलेल्या सगळ्या नोंदी जातात. त्यावर इजडिजिटची (मजकुरात फक्त अंकच आहेत का, ही) तपासणी लावून पाहिली, तर साधे १२.५ सुद्धा नाकारले जाते. यावर योग्य पद्धत कोणती?

उत्तर (जळगाव)

भाऊ, इजडिजिट येथे कामाचे नाही. दशांशचिन्ह आणि उणेचिन्ह हे अंक नसल्यामुळे ते अशी मजकूरपट्टी नाकारते. उलट वर्ग दाखवण्यासाठी वर लिहितात तो छोटा दोन त्याला चालतो, पण मजकुराचा पूर्णांक करणाऱ्या इंटला चालत नाही. त्यापेक्षा थेट फ्लोट (दशांश संख्या) करून पाहावे. व्हाइल लूपमध्ये (पुन्हा पुन्हा चालणाऱ्या भागात) ट्राय लिहा, त्यात फक्त रूपांतराची ओळ ठेवा, आणि व्हॅल्यूएरर आला तर काय अपेक्षित आहे ते सांगून पुन्हा विचारा. चूक पकडणाऱ्या एक्सेप्टपुढे व्हॅल्यूएररचे नाव अवश्य लिहा, कारण नुसते एक्सेप्ट प्रोग्रॅम थांबवणारे कंट्रोल-सी सुद्धा पकडते आणि मग लूपमधून बाहेर पडता येत नाही. मराठी आकड्यांची काळजी नको. पायथन ३ मध्ये इंट आणि फ्लोट दोन्ही ते जसेच्या तसे वाचतात.

‘क्विंटल’ हा शब्द मात्र गुपचूप काढून टाकू नका, असे माझे ठाम मत आहे. अक्षरे गाळून आकडा तेवढा घेण्याची सवय लावली, तर उद्या कोणी ‘१२५० किलो’ लिहील आणि प्रोग्रॅम ते १२५० क्विंटल धरील, म्हणजे शंभरपट रक्कम निघेल. नोंद नाकारून ‘फक्त क्विंटलचा आकडा लिहा, उदाहरणार्थ १२.५’ असा संदेश दाखवणे शेतकरी आणि व्यापारी दोघांच्याही हिताचे आहे.

उत्तर (धुळे)

वरील उत्तराला एक जोड. रूपांतर झाले म्हणजे वजन खरे ठरत नाही. उणे पाच हेही फ्लोटला मान्य असते. शिवाय ‘नॅन’ (संख्या नाही) आणि ‘इन्फ’ (अनंत) ही इंग्रजी अक्षरेसुद्धा फ्लोट आनंदाने घेतो. नॅन शून्यापेक्षा कमी, जास्त किंवा शून्याइतका आहे का असे ताडले तरी उत्तर फॉल्सच (नाहीच) येते. त्यामुळे ‘वजन शून्य किंवा कमी असेल तर नाकारा’ अशी अट लिहिल्यास नॅन तिच्यातून निसटतो. अट उलट बाजूने लिहा: वजन शून्यापेक्षा जास्त आणि तुमच्याकडे येणाऱ्या सर्वांत मोठ्या गाडीच्या मालाइतके किंवा त्याहून कमी असेल तरच स्वीकारा. मग नॅन आणि इन्फ दोन्ही बाहेर राहतात.

भाव आणि रक्कम यांसाठी डेसिमल (दशांश नेमके ठेवणारा संख्याप्रकार) वापरावा, कारण फ्लोटमध्ये पैशांचे अपूर्णांक नेमके राहत नाहीत. मात्र चुकीच्या मजकुरावर डेसिमल व्हॅल्यूएरर देत नाही, इनव्हॅलिडऑपरेशन देतो, आणि तो व्हॅल्यूएररच्या कुळातला नाही. तेव्हा तेथे एक्सेप्टमध्ये त्याचेच नाव लिहावे लागेल.

प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. मालाच्या प्रकाराचे काय करावे? ‘नवती’ या शब्दामागे एखादी रिकामी जागा राहिली तरी तुलना फसते.

उत्तर (जळगाव)

स्ट्रिप लावल्यास मागची-पुढची रिकामी जागा जाते. पण तीनच पर्याय असताना शब्द टाइप करायला लावूच नये. १, २, ३ असे क्रमांक दाखवून डिक्शनरीतून (क्रमांक आणि नाव यांच्या जोड्यांतून) नाव घ्यावे आणि क्रमांक त्यात नसेल तर पुन्हा विचारावे. आणि नोंदी जातात ही तक्रार वेगळी आहे: प्रत्येक नोंद तपासून झाली की लगेच सीएसव्ही फाइलच्या (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या फाइलच्या) शेवटी लिहून फाइल बंद करा, सगळा दिवस यादीत साठवून ठेवू नका. मग वीज गेली तरी फार तर चालू नोंद पुन्हा भरावी लागेल.