समृद्धीवर चालकाला डुलकी लागली, तर दोष कोणाचा?

रातगाडी: गेल्या आठवड्यात नागपूरहून ट्रॅव्हल्सने येताना झोप येईना म्हणून केबिनमध्ये जाऊन बसले. पहाटे तीनच्या सुमारास चालकदादांनी खर्रा तोंडात टाकला, डोळ्यांवर पाणी मारलं, खिडकी उघडली. तरी मान एकदा खाली गेलीच. म्हणाले, "सकाळीच पुण्याहून आलो ताई, दुपारी दोन तास पडलो फक्त." ताशी ८० च्या वेगात तीन सेकंद डोळा लागला तर गाडी सुमारे ६७ मीटर पुढे गेलेली असते. १ जुलै २०२३ ला सिंदखेडराजाजवळ बस पेटून २५ जण गेले, तेव्हाही चर्चा टायर फुटला की चालक झोपला, इथेच अडली. दिवसाला आठ तास काम हा नियम १९६१ च्या कायद्यापासून आहे. तो पाळायचा कोणी? एकट्या चालकाला दोष देणं मला मुळीच पटत नाही.

स्पष्ट_बोलतो: मला पटतं. झोप येतेय हे सगळ्यांत आधी कळतं चालकालाच. मागे चाळीस जीव आहेत, गाडी बाजूला घ्या ना! उद्या दारू प्यायलेलाही मालकाकडे बोट दाखवेल.

रातगाडी: कळतं हेच तर खरं नाही. मान खाली गेली होती असं मी दादांना सांगितलं, तर म्हणाले, "नाही ताई, जागाच होतो." ते खोटं बोलत नव्हते. मिटलेल्या पापणीचे ते दोन-तीन सेकंद माणसाला आठवतच नाहीत. त्यात ७०१ किलोमीटरचा रस्ता, ना सिग्नल, ना गाव, डोळ्यांना काही कामच नाही. दारू माणूस स्वतः पितो, पहाटेची झोप शरीर मागतं.

दोन_गाड्यांचा_मालक: आम्ही काहीच करत नाही असं नाही. लांबच्या फेरीला दोन चालक देतो. पापणी मिटली की वाजणारा कॅमेरा बसवला, तर चालकाने त्यावर रुमाल टाकला. आता बोला.

चालकाची_लेक: रुमाल का टाकला, विचारलंत का काका? माझ्या बाबांचे कॅमेरा वाजला की पैसे कापायचे. चहाला थांबले की उशीर, उशिराचेही कापायचे. घरी आले की जेवताना ताटावरच डोळे मिटायचे त्यांचे.

दोन_गाड्यांचा_मालक: पैसे आम्ही कापत नाही, पोरी. पण कॅमेरा वाजला तर वीस मिनिटं थांब, उशीर झाला तरी चालेल, असं मी त्याला कधी सांगितलेलं नाही. आज रात्रीच्या गाडीआधी सांगतो.